पडद्याचा धातू आणि पेटीतली हवा

महागड्या स्पीकरचे माहितीपत्रक उघडले की पहिल्याच पानावर पदार्थांची नावे भेटतात. ट्वीटरचा, म्हणजे वरचे सूर काढणाऱ्या भागाचा, घुमट हिऱ्याचा किंवा बेरिलियम या हलक्या, ताठ धातूचा, वूफरचा, म्हणजे खालचे सूर काढणाऱ्या भागाचा, पडदा कार्बन फायबरचा, आतली तार चांदीची आणि पेटी अॅल्युमिनियमच्या एकसंध ठोकळ्यातून कोरलेली, असे सगळे तिथे तपशीलवार लिहिलेले असते. क्रॉसओव्हर, म्हणजे वूफर आणि ट्वीटर यांच्यात सूर वाटून देणारे मंडल, कोणत्या वारंवारतेला ठेवला आहे आणि तिथेच का, ऐकणारा समोरून तीस अंश बाजूला सरकला तर आवाज किती बदलतो, पेटीच्या फळ्या कोणत्या सुराला थरथरतात, हे मात्र शेवटचे पान उलटले तरी कळत नाही. हौस म्हणून स्पीकर बांधण्यात आणि मायक्रोफोन लावून ते मोजण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि त्यातून माझे मत असे बनले आहे की स्पीकरचा आवाज मुख्यतः त्याच्या रचनेतून, म्हणजे आकार, प्रमाण, गणित आणि पुन्हा पुन्हा केलेल्या मोजमापातून घडतो. महाग पदार्थाला त्यात जागा आहे, पण रचनेने तो मागितला तरच. रचना कच्ची ठेवून तिच्यावर महाग पदार्थ चढवणे हा ऐकणाऱ्यावर अन्याय आहे, आणि ज्यांनी साध्या कागदातून व लाकडातून उत्तम आवाज काढून दाखवला त्या अभियंत्यांवरही.

स्पीकरपुढचे काम किती अवघड आहे हे आधी लक्षात घ्यायला हवे. चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे, त्या वेटोळ्याला चिकटवलेला पडदा, आणि वेटोळ्यातून वीज वाहू लागली की मागेपुढे हलणारा तो पडदा, ही रचना चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करताना १९२५ साली मांडली आणि आजचे बहुतेक स्पीकर अजूनही तिच्यावरच चालतात. माणसाच्या कानाला ऐकू येणाऱ्या सर्वांत खालच्या, म्हणजे २० हर्ट्झच्या ध्वनितरंगाची हवेतली लांबी सुमारे १७ मीटर असते आणि सर्वांत वरच्या, २०,००० हर्ट्झच्या तरंगाची सुमारे १७ मिलिमीटर. एक हजार पटींचा हा पल्ला खोलीच्या कोपऱ्यात मावणाऱ्या एका पेटीने, सर्व दिशांना सारख्या स्वभावाने, पार करावा अशी आपली अपेक्षा असते. त्यातच घरगुती स्पीकरला मिळालेल्या विजेपैकी जेमतेम एक टक्का, पुष्कळदा त्याहूनही कमी भाग आवाजात बदलतो आणि बाकीची वीज वेटोळे तापवण्यात जाते. या अडचणी भौतिकीच्या आहेत. कोणताही धातू तरंगाची लांबी घटवू शकत नाही, आणि म्हणूनच या क्षेत्रातली मोठी पावले बहुधा एखाद्या नव्या कल्पनेने टाकली गेली आहेत.

त्यांतले मला सर्वांत प्रिय असलेले पाऊल अमेरिकन संशोधक एडगर विल्चर यांचे आहे. १९५० च्या दशकापर्यंत खोल, स्वच्छ खर्ज हवा असेल तर कपाटाएवढी पेटी लागे. पडद्याला मध्यावर परत आणण्याचे काम त्याच्या कडेची पट्टी आणि मागचा स्पायडर, म्हणजे वेटोळ्याला मध्यावर धरणारी कापडी चकती, हे यांत्रिक भाग करत, आणि पडदा जास्त हलला की त्यांचा ताण प्रमाणाबाहेर वाढून आवाजात विकृती, म्हणजे मूळ संदेशात नसलेले सूर, येई. विल्चर यांनी हे भाग मुद्दाम अगदी सैल ठेवले, पेटी लहान आणि हवाबंद केली आणि पडद्याला परत ढकलण्याचे काम पेटीत कोंडलेल्या हवेवर सोपवले. हवेची स्प्रिंग त्या कापडी व कागदी भागांपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणबद्ध वागते, त्यामुळे पेटी लहान होऊनही खर्जातली विकृती घटली. अकूस्टिक रिसर्च या त्यांच्या कंपनीने १९५४ मध्ये या तत्त्वावरचा एआर-१ हा स्पीकर बाजारात आणला आणि घरात ठेवायच्या स्पीकरची मापेच बदलली. या शोधातला मुख्य पदार्थ हवा होता, जो प्रत्येक पेटीत आधीपासून भरलेला होता. तिला असे कामाला लावून कोणी स्पीकर बाजारात आणला नव्हता, एवढेच.

भोक पाडलेल्या पेटीची गोष्टही अशीच आहे. बेल लॅबोरेटरीजमधल्या अल्बर्ट थुरास यांना पेटीला नळी बसवून मागच्या बाजूचा आवाज खर्जाच्या मदतीला घेण्याच्या कल्पनेचे पेटंट १९३२ मध्ये मिळाले, पण पुढची तीसेक वर्षे नळी किती लांब, पेटी किती मोठी आणि तिला कोणता वूफर शोभेल हे बरेचसे अंदाजाने आणि करून पाहून ठरवले जाई. ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये दाखवून दिले की वूफर, पेटी आणि नळी यांचा संच हा विजेच्या फिल्टरसारखाच, म्हणजे ठरावीक वारंवारता पुढे सोडून बाकीच्या अडवणाऱ्या मंडलासारखाच, वागतो, आणि फिल्टरचे गणित तर अभियंत्यांना चांगलेच ठाऊक होते. त्यांचा निबंध जवळपास दहा वर्षे दुर्लक्षित राहिला. १९७१ मध्ये तो अमेरिकेतल्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात पुन्हा छापला गेला आणि पाठोपाठ सिडनी विद्यापीठातल्या रिचर्ड स्मॉल यांनी ते काम विस्तारले. आज वूफरसोबत मिळणाऱ्या कागदावर जे थील-स्मॉल आकडे छापलेले असतात ते यातूनच आले. त्या आकड्यांमुळे माझ्यासारखा हौशी माणूसही एका संध्याकाळी पेटीचे आकारमान आणि नळीची लांबी काढू शकतो, आणि बांधून झाल्यावर मोजमाप गणिताच्या अगदी जवळ येते. एखाद्या नव्या पदार्थाने स्पीकर बांधणाऱ्यांच्या हाती इतके सामर्थ्य दिल्याचे मला माहीत नाही.

आता पदार्थांकडे वळू, आणि त्यांच्या बाजूने जे म्हणता येते ते पूर्ण प्रामाणिकपणे मांडू. पडदा हलका हवा आणि ताठ हवा. पदार्थाचा ताठपणा भागिले घनता, याचे वर्गमूळ काढले की त्या पदार्थातून ध्वनी किती वेगाने धावतो ते मिळते, आणि हा वेग जितका जास्त तितका पडदा अधिक वरच्या वारंवारतेपर्यंत अखंड, एकजीव हलतो. त्या वारंवारतेच्या वर तो लाटालाटांनी वाकू लागतो. अॅल्युमिनियममध्ये हा वेग सेकंदाला सुमारे ५,००० मीटर आहे, बेरिलियममध्ये साडेबारा हजारांच्या पुढे आणि हिऱ्यात १७ ते १८ हजार. हे आकडे खरे आहेत आणि प्रभावी आहेत. पण याच आकडेमोडीत टायटॅनियम बसवून पाहा. तोही वेग ५,००० च्याच आसपास निघतो. मॅग्नेशियमचाही तेवढाच. साध्या पोलादाचाही जवळपास तेवढाच. टायटॅनियम अॅल्युमिनियमच्या दीडपटीहून अधिक ताठ असतो, पण त्याच प्रमाणात जडही असतो, म्हणून त्या गुणोत्तरात काहीच पदरात पडत नाही. उलट वजन सारखे ठेवायचे तर अॅल्युमिनियमचा पडदा जाड करता येतो, आणि वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाने वाढत असल्यामुळे स्वस्त धातूच सरस ठरतो. टायटॅनियम लवकर पिचत नाही, ही त्याची खरी जमेची बाजू आहे आणि मोठ्या आवाजाच्या कामात तिला किंमत आहे. माहितीपत्रकात मात्र या धातूचे नाव टिकाऊपणासाठी क्वचितच घेतलेले दिसते. तिथे त्याचा संबंध थेट आवाजाच्या शुद्धतेशी जोडलेला असतो.

बेरिलियम आणि हिरा यांच्याबाबतीत प्रश्न वेगळा आहे. २५ मिलिमीटरचा अॅल्युमिनियमचा चांगला घुमट साधारण २५,००० हर्ट्झच्या पुढे वाकू लागतो. हिऱ्याचा घुमट ही मर्यादा त्याहून कितीतरी वर नेतो. पण माणसाचे ऐकणे २०,००० हर्ट्झला संपते आणि वय वाढेल तसे त्याच्याही खूप आधी, त्यामुळे ऐकण्याच्या हद्दीबाहेरचे भांडण आणखी दूर नेल्याने कानाला काय मिळाले, हे सांगण्याची जबाबदारी तो घुमट विकणाऱ्यावर आहे. जिथे हे भांडण ऐकण्याच्या हद्दीतच होते तिथे माझी काही तक्रार नाही. सभागृहांत आणि स्टुडिओत वापरल्या जाणाऱ्या, भोंग्यामागे बसवलेल्या ७५ ते १०० मिलिमीटर व्यासाच्या पडद्यांमध्ये अॅल्युमिनियम आणि टायटॅनियम ऐकू येणाऱ्या पट्ट्यातच वाकू लागतात. तिथे बेरिलियमने पडणारा फरक मोजता येतो. म्हणजे तोच धातू एका ठिकाणी रास्त उत्तर आहे आणि दुसऱ्या ठिकाणी शोभा. हा भेद धातूच्या नावातून कळत नाही, तो गणितातून आणि कोणत्या वारंवारतेला आवाज किती येतो ते दाखवणाऱ्या आलेखातूनच कळतो. बेरिलियमची धूळ श्वासावाटे गेली तर फुप्फुसांचा कायमचा आजार होऊ शकतो आणि ती हाताळणाऱ्या कारखान्यांना फार काळजी घ्यावी लागते, हेही त्याच्या वापराचा निर्णय घेताना तराजूत टाकले पाहिजे.

ताठपणाची आणखी एक बाजू आहे, तिच्यापाशी थोडे थांबतो, कारण ती मी स्वतः निस्तरली आहे. काही वर्षांपूर्वी मी साडेसहा इंची अॅल्युमिनियमचा पडदा असलेले दोन वूफर घेतले. दिसायला देखणे, हाताला ताठ. मोजल्यावर आलेख अगदी सपाट निघाला आणि मला आनंद झाला, पण ५,४०० हर्ट्झपाशी तो एकदम सुळक्यासारखा वर गेला होता. धातूचा पडदा एकदा वाकू लागला की घंटेसारखा वाजतो, कारण त्याच्यात कंपन जिरवण्याची शक्ती नाही. मी २,५०० हर्ट्झपासूनच वूफरचा आवाज ट्वीटरकडे वळवला आणि प्रश्न मिटला असे समजलो. तरी मधल्या सुरांत, स्त्रियांच्या आवाजात विशेषतः, एक कडक धार राहिलीच. पुष्कळ दिवसांनी विकृती मोजली तेव्हा कारण सापडले. १,८०० हर्ट्झच्या सुराची तिप्पट ५,४०० होते. चुंबक आणि वेटोळे यांच्या दोषातून १,८०० च्या सुरासोबत थोडीशी तिप्पट वारंवारतेची विकृती निघतच होती, आणि पडदा नेमका त्याच वारंवारतेला घंटेसारखा वाजत असल्याने तिला मोठी करून बाहेर फेकत होता. क्रॉसओव्हर तिला अडवू शकत नव्हता, कारण ती क्रॉसओव्हरच्या नंतर, वूफरच्या पोटात जन्माला येत होती. उपाय निघाला तो दुसऱ्या वूफरमध्ये, ज्याच्या चुंबकाच्या मध्यखांबावर तांब्याची एक साधी कडी बसवली होती. ती कडी वेटोळ्याच्या विजेने चुंबकक्षेत्रात होणारी चलबिचल आवरते, त्यामुळे विकृती मुळातच कमी निघते. त्या वूफरचा पडदा कागदाचा होता.

कागदाबद्दल आपल्या मनात जो कमीपणा बसला आहे तो काढून टाकण्याची गरज आहे. लाकडाच्या लगद्याचा कागद हलका असतो, वजनाच्या मानाने ताठ असतो, आणि तंतूंच्या परस्परांवरच्या घर्षणामुळे कंपने आपल्याच अंगात जिरवतो. त्याला शंकूचा बाक देता येतो, कडेकडे जाडी कमी करता येते, एखाद्या पट्ट्यात डिंकासारखा लेप देऊन तेवढाच भाग मऊ करता येतो. तबल्याची शाई हे याच विचाराचे जुने आणि थक्क करणारे उदाहरण आहे. ताणलेल्या साध्या चामड्याचे उपस्वर मूळ सुराशी जुळत नाहीत, पण मध्यावर थरांथरांनी चढवलेल्या शाईच्या वजनाने ते सुरेल पटींत येतात, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० मध्ये दाखवून दिले होते. लेप कुठे द्यायचा आणि किती द्यायचा, यातच सगळे कौशल्य आहे. कागदाचा खरा दोष वेगळा आहे. तो दमटपणाने बदलतो आणि एका घाण्याचा माल दुसऱ्या घाण्यासारखा निघेलच असे नाही. बीबीसीच्या अभियंत्यांनी १९६० च्या दशकात बेक्सट्रीन नावाच्या प्लॅस्टिकच्या पडद्यांकडे मोर्चा वळवला तो प्रामुख्याने याच कारणाने. त्यांना प्रत्येक स्टुडिओत सारखा आवाज हवा होता. पदार्थ बदलण्याचे याहून चांगले कारण मला सुचत नाही, आणि त्या पदार्थाला कंपने जिरवण्यासाठी वरून लेप द्यावा लागतो हे त्यांनी लपवले नाही.

याच बीबीसीचा एलएस३/५ए हा १९७० च्या दशकातला चिमुकला स्पीकर आजही अनेकांच्या कौतुकाचा विषय आहे. बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांत ठेवता यावा म्हणून बनवलेल्या या पेटीचे आकारमान सुमारे पाच लिटर. तिच्या भिंती जाडजूड नव्हत्या. बर्च लाकडाचे पातळ प्लायवूड आणि आतून डांबरी थर. पातळ भिंत खालच्या सुराला थरथरते, तिथे कान कमी चोखंदळ असतो, आणि डांबरी थर ती थरथर लवकर जिरवतो. ट्वीटरच्या चारी बाजूंना लोकरी नमद्याच्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या, कारण पेटीच्या कडांवरून आवाज परावर्तित झाला की मूळ आवाजात मिसळून त्याला खडबडीत करतो. एका महत्त्वाच्या दोषावर नमद्याचा तुकडा हा उपाय शोधायला तो दोष आधी मोजून समजून घ्यावा लागतो.

पेटीच्या बाबतीत एक गोष्ट कोणालाही स्वतःच्या हाताने पडताळता येईल. मी एकदा सारख्या मापाच्या दोन पेट्या बांधल्या. बाजूची फळी लांब आणि अरुंद होती. बोटाच्या पेराने टकटक केले की दोन्हींतून ढोलकीसारखा भरलेला, लांबणारा आवाज येई, आणि चेलोचे संगीत लावून तळवा टेकवला की ठरावीक सुरांना फळी हाताला गुदगुल्या करी. एका पेटीला मी बाहेरून तशीच दुसरी फळी चिकटवून भिंत दुप्पट जाड केली. दुसरीत कापून उरलेल्या लाकडाची एक काठी घेतली आणि फळीच्या मधोमध, उभ्या दिशेने, समोरच्या भिंतीला सांधून चिकटवली. जाडी दुप्पट केली की फळीचा थरथरण्याचा सूर दुप्पट वर जातो आणि वजनही दुप्पट होते. लांबट फळीची रुंदी काठीने निम्मी तोडली की तोच सूर जवळपास चौपट वर जातो आणि वजनात वाढ नगण्य होते. काठीवाल्या पेटीवर पुन्हा टकटक केले तेव्हा दगडावर मारल्यासारखा कोरडा ठोका आला. संगमरवर, ग्रॅनाइट, धातूचे ठोकळे हे सगळे पेटीला जड करतात, पण त्यांच्यात स्वतःहून कंपने जिरवण्याची शक्ती थोडी असते, आणि एवढे वजन खाणीतून काढून, कोरून, समुद्रापार नेऊन जे साधायचे त्यातले पुष्कळसे त्या काठीने साधते.

महाग पदार्थ हातचा गेल्यावर रचना सुधारते, याचाही पुरावा इतिहासात आहे. स्पीकरची उत्तम चुंबके एके काळी अल्निको या मिश्रधातूची असत आणि त्यात कोबाल्ट लागे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस झैरमधल्या (आजचे काँगो लोकशाही प्रजासत्ताक) अशांततेमुळे कोबाल्टचे भाव भडकले आणि स्पीकर बनवणाऱ्यांना स्वस्त फेराइट चुंबकांकडे वळावे लागले. फेराइट नुसते अल्निकोच्या जागी बसवले तर विकृती वाढत होती. जेबीएल या स्पीकर कंपनीच्या अभियंत्यांनी मध्यखांबाचा आकार बदलून फटीच्या वरचे आणि खालचे चुंबकक्षेत्र सारखे केले, आत वाहक धातूची कडी बसवली आणि या रचनेला सिमेट्रिकल फील्ड जॉमेट्री, म्हणजे सममित क्षेत्राची रचना, असे नाव दिले. अल्निकोच्या काळात झाकून राहिलेला प्रश्न स्वस्त चुंबकाने उघडा पाडला आणि विचार करायला भाग पाडले. आजच्या चांगल्या वूफरमधली कमी विकृती हा बराचसा त्या विचाराचा वारसा आहे.

माझ्या मते आजच्या स्पीकरांमधला सर्वांत मोठा फरक मात्र दिशांच्या बाबतीत पडतो, आणि त्याचा पदार्थाशी जवळजवळ काहीच संबंध नाही. साडेसहा इंची वूफरच्या हलणाऱ्या पडद्याचा व्यास सुमारे १३ सेंटिमीटर असतो. २,५०० हर्ट्झला तरंगाची लांबीही तेवढीच होते, म्हणून त्या सुमारास वूफरचा आवाज विजेरीच्या झोतासारखा पुढेच एकवटतो. त्याच वारंवारतेला एक इंची ट्वीटर मात्र आवाज चहूकडे पसरवतो. समोर बसून मोजले तर आलेख सपाट दिसतो, बाजूला मात्र वारंवारता वाढत जाते तसा आवाज आधी खचतो आणि ट्वीटर सुरू झाला की एकदम फुगतो. खोलीत कानापर्यंत पोचणाऱ्या आवाजाचा मोठा हिस्सा भिंतींवरून, छतावरून परतून येतो, म्हणजे बाजूचा तो बिघडलेला आवाज आपण सतत ऐकत असतो. ट्वीटरभोवती योग्य वळणाची एक उथळ वाटी दिली की त्याच्या पट्ट्याच्या तळाशी त्याचा झोत वूफरइतकाच आवळला जातो, शिवाय तिथे त्याची ताकद वाढते आणि त्याच्यावरचा ताण कमी होतो. ही वाटी साध्या ओतीव प्लॅस्टिकचीही चालते. सगळे काम तिच्या वळणरेषेत आहे. क्वाड या कंपनीच्या पीटर वॉकर यांनी तर १९८१ मध्ये आलेल्या ईएसएल-६३ या स्थिरविद्युत (चुंबकाऐवजी विद्युतभाराने पडदा हलवणाऱ्या) स्पीकरमध्ये अख्ख्या सपाट पडद्यातून एका बिंदूसारखा आवाज काढला. पडदा पातळ प्लॅस्टिकचा, त्याच्यासमोर एकात एक वर्तुळाकार कड्या, आणि प्रत्येक बाहेरच्या कडीला संदेश किंचित उशिरा पोचवणारी तारेच्या वेटोळ्यांची साखळी. तळ्यात खडा टाकल्यावर वर्तुळे पसरावीत तसा आवाज पडद्यावर पसरत जातो. त्या स्पीकरमधली वाढीव किंमत कशात होती असे विचारले तर मी त्या उशिराच्या हिशेबाकडे बोट दाखवीन.

तारांबद्दल एकच आकडेमोड पुरे. अडीच चौरस मिलिमीटर तांब्याची तार, अंतर तीन मीटर, जाऊन येऊन सहा मीटर, तर तिचा विद्युतरोध सुमारे ०.०४१ ओहम होतो. तीच तार चांदीची घेतली तर ०.०३८. फरक ०.००३ ओहम. वूफरच्या वेटोळ्याचा रोध साधारण ६ ओहम असतो आणि मोठ्या आवाजात ते ५० अंशांनी तापले की तो जवळजवळ १.२ ओहमने वाढतो, म्हणजे चांदीने वाचवलेल्या रोधाच्या चारशे पट. वेटोळे गार ठेवण्याची रचना आहे की नाही, हा प्रश्न तारेच्या धातूपेक्षा किती मोठा आहे ते यावरून दिसते.

यावर रास्त आक्षेप असा घेतला जातो की आकडे काहीही म्हणोत, कानाला महाग स्पीकर चांगलेच वाटतात. वाटतात, यात शंका नाही. प्रश्न आहे तो कशामुळे वाटतात हा. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी १९८० च्या दशकात कापडाआड स्पीकर ठेवून ऐकण्याच्या चाचण्या घेतल्या तेव्हा दिसले की स्पीकर दिसत नसला की ऐकणाऱ्यांची पसंती बरीच जुळते, आणि ती समोरचा आलेख सपाट व बाजूचे आलेख गुळगुळीत असलेल्या स्पीकरांकडे झुकते. पुढे १९९४ मध्ये टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी चाळीस जणांना तेच स्पीकर आधी न दाखवता आणि मग दाखवून ऐकवले. दिसू लागताच मते बदलली, आणि लहानसा, स्वस्त संच, जो न दिसता चांगले गुण मिळवत होता, तो दिसल्यावर घसरला. ऐकणारे ध्वनीच्याच क्षेत्रात काम करणारे होते. डोळ्यांचा हा प्रभाव कोणाच्याही कानाचा दोष नाही, आपण सगळे तसेच घडलेलो आहोत. पण हिऱ्याचे नाव पहिल्या पानावर छापण्याचे कारण त्यात दडलेले आहे.

नव्या पदार्थाने रचनेला नवे दार उघडून दिले, असेही घडते आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. निओडायमियमची चुंबके १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आली आणि अगदी लहान आकारात मोठे बळ मिळू लागले. केईएफ या स्पीकर कंपनीने १९८८ मध्ये त्याचा उपयोग करून ट्वीटर थेट वूफरच्या वेटोळ्याच्या पोटात, एकाच केंद्रावर बसवला. दोन्ही आवाज एका जागेतून निघावेत ही कल्पना जुनी होती, फेराइटचे जाड चुंबक तिला आड येत होते. इथे अडचण आधी ठरलेली होती, उत्तर म्हणून पदार्थ आला आणि त्याने काय साधले ते आलेखावर दाखवता येते. तसेच, महाग स्पीकरची सगळीच किंमत पदार्थांची असते असेही नाही. प्रत्येक नग मोजून पाहणे, जोडीतले दोन स्पीकर एकमेकांशी अर्ध्या डेसिबलच्या आत जुळवणे, क्रॉसओव्हरचे डझनभर पर्याय बांधून ऐकणे, यात अभियंत्यांचे महिनोन्‌महिने जातात आणि त्याचे पैसे द्यायला मी आनंदाने तयार आहे. दुर्दैव असे की हे श्रम छायाचित्रात येत नाहीत आणि धातूची चकाकी येते, त्यामुळे विक्रीच्या दबावाखाली कंपन्यांचा पैसा हळूहळू प्रयोगशाळेकडून मुलाम्याकडे सरकतो.

हे थांबवण्यासाठी लागणारी साधने आज उपलब्ध आहेत. अमेरिकेत २०१३ मध्ये सीईए-२०३४ हे मोजमापाचे मानक ठरले. त्यात स्पीकर आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही वर्तुळांत दहा-दहा अंशांनी फिरवून एकूण सत्तर आलेख घेतात आणि त्यांतून समोरचा आवाज, बाजूचा आवाज आणि खोलीत पोचणारा एकूण आवाज काढतात. हे काम करणारी यंत्रणा मोठ्या कंपन्यांकडे असतेच, आणि काही कंपन्या हे आलेख प्रामाणिकपणे छापतातही. ते सर्वांनी छापावेत, सोबत ठरावीक आवाजाला होणारी विकृती आणि संरोधाचा, म्हणजे वारंवारतेनुसार स्पीकर विजेला किती अडवतो याचा, आलेख द्यावा, हे ग्राहकांनी, समीक्षकांनी आणि दुकानदारांनी मागितले पाहिजे. संरोधाच्या आलेखात एखादी बारीक सुरकुती दिसली तर पेटीची फळी किंवा पडदा कुठे थरथरतो तेही कळते, इतका तो बोलका असतो. समीक्षा लिहिणाऱ्यांवर यात विशेष जबाबदारी आहे, कारण माहितीपत्रकातले पदार्थांचे वर्णन जसेच्या तसे उचलून त्याला ऐकण्याच्या अनुभवाचे रूप देण्याची सवय या लेखनाला जडली आहे. घुमट बेरिलियमचा आहे असे लिहिताना, तोच स्पीकर अॅल्युमिनियमच्या घुमटाने बांधला असता तर कोणत्या वारंवारतेला, किती डेसिबलने आणि कोणत्या कोनात फरक पडला असता, हे त्यांनी उत्पादकाला विचारावे, आणि मिळालेला आलेख किंवा न मिळालेले उत्तर, जे असेल ते, त्या वाक्याशेजारी छापावे.